अल्पदृष्टी असलेल्या मुलाची शाळा: पहिल्या शंकेपासून दहावीच्या पेपरापर्यंत

इंदूरच्या एका शाळेत मी पाचवीला हिंदी शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. वर्गात रामबागेकडून येणारी एक मराठी घरातली मुलगी होती. धडा वाचायला उभे केले की ती कधी अडखळत नसे, आणि गणेशोत्सवात सगळ्या आरत्या पुस्तकाशिवाय म्हणते म्हणून आळीत तिचे कौतुक होत असे. अर्धवार्षिक परीक्षेत प्रथमच पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा आला आणि तिने त्या प्रश्नाची जागा कोरी सोडली. चौकशी केल्यावर उलगडा झाला, की ती धडा वाचतच नव्हती; आधी वाचलेल्या मुलांचे ऐकून ती तो पाठ म्हणत होती. तोपर्यंत तिच्यासाठी मी केलेली एकमेव गोष्ट म्हणजे तिला पहिल्या बाकावर बसवणे, आणि तेवढे पुरेसे आहे असे मी दीड वर्ष समजत होते. त्या दीड वर्षात तिचे जे वाचन बुडाले ते भरून काढायला पुढे तिला फार कष्ट पडले. पालक आणि शिक्षक यांच्यासाठी हा लेख लिहिताना ती मुलगी सतत माझ्या डोळ्यांसमोर आहे.

अल्पदृष्टी म्हणजे नेमके काय

चष्मा लावून, औषधोपचार आणि आवश्यक ती शस्त्रक्रिया करूनही ज्या मुलाला पुरेसे दिसत नाही, पण ज्याची दृष्टी कामापुरती शिल्लक आहे, ते मूल अल्पदृष्टी या गटात येते. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ नुसार, चांगल्या डोळ्याची शक्य तितकी सुधारणा केल्यानंतरची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर न हलवता दिसणारा भाग, ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी होय. त्याखालची दृष्टी अंधत्वात गणली जाते. ६/६० याचा अर्थ असा, की निकोप डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येते, ते या मुलाला ६ मीटरवर आल्यावर ओळखता येते.

तथापि या आकड्यावरून मूल वर्गात काय करू शकेल हे फारसे कळत नाही. सारखाच आकडा असलेल्या दोन मुलांपैकी एकाला खिडकीतल्या उजेडात डोळे उघडता येत नाहीत, तर दुसऱ्याला अधिक उजेड मिळाल्याशिवाय ओळ सापडत नाही. एकाला समोरचे अंधुक आणि कडेचे स्पष्ट दिसते, तर दुसऱ्याला नळीतून पाहिल्यासारखे केवळ मधले दिसते. म्हणून ‘याला किती दिसते’ या प्रश्नाबरोबरच कोणत्या अंतरावर, कोणत्या उजेडात, किती मोठे आणि किती वेळ दिसते, हे विचारावे लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नांची उत्तरे शोधून ती कागदावर उतरवण्यासाठी आहेत.

शंका कशावरून घ्यावी

लहान मूल ‘मला कमी दिसते’ असे सांगत नाही, कारण त्याला जसे दिसते तसेच सगळ्यांना दिसते असे ते धरून चालते. त्यामुळे खुणा मोठ्यांनीच ओळखायच्या असतात. मूल टीव्हीला चिकटून बसते, पुस्तक नाकाशी नेते, मान एका बाजूला कलती करून पाहते, डोळे बारीक करते, पायरी उतरताना पाय चाचपत टाकते, अंगावर आलेला चेंडू चुकवत नाही, ओळखीच्या माणसाला हाक मारेपर्यंत ओळखत नाही, या खुणा बहुतेकांना ठाऊक असतात. संध्याकाळनंतर वेगळेच वागणारे मूल मात्र अनेकदा निसटते. दिवसा गल्लीभर धावणारे मूल रात्री सराफ्याच्या बाजारात नेल्यावर आईचा हात सोडत नसेल, तर ते भित्रे आहे असे म्हणण्यापूर्वी रातांधळेपणाचा विचार करावा, कारण दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, काही आनुवंशिक आजारांची सुरुवात तशीच होते.

शिक्षकांसाठी एक खास खूण देवनागरीत दडलेली आहे. मुलाच्या चुका नेमक्या कुठे होतात ते पाहावे. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प, थ आणि य या जोड्यांत सतत गल्लत होत असेल, अनुस्वार आणि रफार गळत असतील, ऱ्हस्व-दीर्घ उकारात फरकच पडत नसेल, हिंदीतले ‘हंस’ आणि ‘हँस’ एकच वाचले जात असेल, आणि तेच शब्द फळ्यावर हातभर अक्षरात काढल्यावर बरोबर वाचले जात असतील, तर तो अशुद्धलेखनाचा प्रश्न नाही. आपल्या लिपीत अर्थ बदलणाऱ्या बारीक खुणा शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी असतात, आणि अंधुक दृष्टीत सर्वांत आधी त्याच पुसल्या जातात. मी स्वतः अशा वह्यांवर लाल शाईने कित्येक गोल काढलेले आहेत.

काही खुणा मात्र थांबून पाहण्याच्या नसतात. बाहुलीत पांढरी झाक दिसणे, विशेषतः फ्लॅश लावून काढलेल्या छायाचित्रात एकाच डोळ्यात पांढरा ठिपका येणे, हे मोतीबिंदूचे किंवा डोळ्यातील कर्करोगाचे लक्षण असू शकते, आणि त्यासाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. बाळाचे डोळे वाजवीपेक्षा मोठे दिसणे, सतत पाणी येणे आणि उजेड सहन न होणे ही जन्मजात काचबिंदूची लक्षणे असू शकतात. नव्याने आलेला तिरळेपणा आणि डोळ्यांची न थांबणारी थरथर यांनाही तोच नियम लागू आहे. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. ती राहून गेली असेल, तर शाळाप्रवेशाच्या वेळी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शाळेतली प्राथमिक चाचणी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत वर्षातून एकदा येणे अपेक्षित असते. त्यांची वाट न पाहता शाळेने एप्रिलमध्ये किंवा जूनच्या शेवटी स्वतःही चाचणी घ्यावी. ६ मीटर दोरी मोजून जमिनीवर रेघ मारावी, इंग्रजी ई (E) अक्षराचा तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि चांगल्या उजेडात लावावा, एक डोळा तळहाताने न दाबता झाकावा आणि ई चे तोंड कोणत्या बाजूला आहे ते हाताने दाखवायला सांगावे. ज्याला चष्मा आहे त्याची चाचणी चष्म्यासह घ्यावी. रांगेत मागे उभी असलेली मुले उत्तरे पाठ करतात, म्हणून तक्ता अधूनमधून फिरवावा. कोणत्याही एका डोळ्याने ६/९ ची ओळ वाचता आली नाही, तर त्या मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. एवढ्या चाचणीने अल्पदृष्टीचे निदान होत नाही, पण पुढे कोणाला पाठवायचे ते ठरते.

डॉक्टरांकडून काय विचारून घ्यावे

इंदूरमध्ये महाराजा यशवंतराव रुग्णालय, ज्याला सारे शहर एमवाय म्हणते, आणि चोइथराम नेत्रालय यांच्यामुळे तपासणीसाठी बाहेरगावी जावे लागतेच असे नाही. कुठेही गेलात तरी पहिली तपासणी चष्म्याच्या दुकानातल्या संगणकावर उरकू नये. लहान मुलाचा नंबर थेंब घालून, बाहुली मोठी करून काढावा लागतो, नाहीतर तो चुकीचा निघतो. कित्येक मुले योग्य चष्मा मिळताच अल्पदृष्टीच्या यादीतून बाहेर पडतात. एका डोळ्याची दृष्टी वापराअभावी मागे राहिलेली असेल, म्हणजे डोळा ‘आळशी’ झालेला असेल, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपचार साधारण सात वर्षांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक लाभ देतो. ही पट्टी शाळेच्या वेळात असेल तर वर्गशिक्षकांना तसे सांगावे, कारण त्या काळात मूल कमजोर डोळ्याने काम करत असते आणि त्याच्याकडून नेहमीच्या वेगाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले, असा समज मी अनेक घरांत पाहिला आहे. शस्त्रक्रियेनंतर चष्मा, पट्टी आणि वर्षानुवर्षांची तपासणी यांवरच दृष्टी टिकते. सर्व उपचारांनंतरही दृष्टी कमी राहत असेल, तर डॉक्टरांकडे ‘लो व्हिजन क्लिनिक’साठी, म्हणजे शिल्लक दृष्टी वापरायला मदत करणाऱ्या विभागासाठी, स्पष्ट शब्दांत चिठ्ठी मागावी; न मागता ती मिळेलच असे नाही. निघताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात: आजाराचे नाव काय, तो वाढत जाणारा आहे की स्थिर, दृष्टिक्षेत्र मोजले आहे का, आणि खेळात काय टाळायचे. मोठा उणे नंबर असलेल्या मुलाच्या डोक्याला किंवा डोळ्याला मार बसल्यास दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो, त्यामुळे शेवटचा प्रश्न गौण समजू नये. आजार आनुवंशिक असेल आणि घराण्यात मामाच्या मुलीशी लग्न करण्यासारखी नात्यातली लग्ने झालेली असतील, तर आनुवंशिकतेविषयीचा सल्लाही घ्यावा. त्यात कोणाला, विशेषतः मुलाच्या आईला, दोष देण्याचा काही संबंध नाही.

दाखला

जिल्हा वैद्यकीय मंडळाचे दिव्यांगता प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, यांसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के ही मर्यादा आहे. दोन्ही डोळ्यांची दृष्टी चष्म्यासह ६/२४ ते ६/६० या पट्ट्यात असल्यास ४० टक्के धरले जातात, तर एक डोळा निकोप आणि दुसरा पूर्ण गेलेला असल्यास ३० टक्केच भरतात. मुलाला ‘असा’ शिक्का नको म्हणून पालक हे काम पुढे ढकलतात, आणि त्यामागची भावना मला समजते. परंतु नववी-दहावीच्या धावपळीत हा कागद मिळवणे फार त्रासाचे होते, आणि तो जवळ असला म्हणून सर्वत्र दाखवावाच लागतो असेही नाही.

२०१६ च्या अधिनियमाने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा आणि १८ वर्षांपर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला आहे. समग्र शिक्षा योजनेत शासकीय व अनुदानित शाळांतील अशा मुलांसाठी वर्षाला प्रति विद्यार्थी ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, ती रोख हातात मिळणारी रक्कम नव्हे. मुलींना मात्र दरमहा २०० रुपये याप्रमाणे वर्षात दहा महिने भत्ता असतो. याची चौकशी शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत विकासखंड स्रोत केंद्रात, म्हणजे आपण ज्याला बीआरसी म्हणतो तिथे, लेखी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी विचारणा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

वाचनाची मोजणी: सर्वांत महत्त्वाची पायरी

ही पायरी कोणीही शिक्षक किंवा पालक एका दुपारी करू शकतो, आणि तरीही ती जवळजवळ कुठेच होत नाही.

मुलाने पूर्वी न वाचलेला, त्याच्या इयत्तेपेक्षा थोडा सोपा असा शंभर-सव्वाशे शब्दांचा उतारा घ्यावा. तो परिचित नसणे अत्यंत आवश्यक आहे. का, ते आरतीवाल्या मुलीने मला शिकवले. त्याच पातळीचे चार वेगवेगळे उतारे साध्या, ठसठशीत देवनागरी टंकात, उदाहरणार्थ मुक्ता किंवा नोटो, अनुक्रमे १२, १८, २४ आणि ३२ पॉइंटमध्ये छापावेत. दोन ओळींत दीडपट तरी अंतर ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत मिसळतात. मुलाला कागद हवा तसा, हवा तेवढा जवळ धरू द्यावा. प्रत्येक उतारा मोठ्याने वाचायला लावून एका मिनिटात किती शब्द झाले, किती चुकले आणि कागद डोळ्यांपासून किती सेंटीमीटरवर होता, ते लिहावे.

सहसा असे दिसते, की १२ पॉइंटवर वेग अगदी कमी असतो, १८ वर वाढतो, २४ वर आणखी वाढतो आणि ३२ वर तेवढाच राहतो. ज्या आकारानंतर वेग वाढत नाही, तो या मुलाचा आकार. त्याहून मोठी अक्षरे दिल्याने काही मिळत नाही, उलट ओळीत शब्द कमी मावतात आणि पुस्तक अवजड होते. त्यानंतर त्याच आकारात सलग दहा मिनिटे वाचायला द्यावे आणि शेवटच्या मिनिटाचा वेग पुन्हा मोजावा. तो बराच घसरला तर अक्षरे एक पायरी मोठी करावीत किंवा वाचनाचे तुकडे करावेत. हेच प्रयोग खिडकीपाशी, मान वळणाऱ्या टेबल-लॅम्पखाली, आणि पांढऱ्याऐवजी फिकट पिवळसर बिनचकाकी कागदावर करून पाहावेत. कागदाचा रंग बदलताच दुप्पट वेगाने वाचू लागलेली मुले मी पाहिली आहेत, तशी रंगाने काहीही फरक न पडलेलीही पाहिली आहेत. म्हणून प्रत्येकाचे मोजावेच लागते.

नळीतून पाहिल्यासारखी, म्हणजे आकुंचित क्षेत्राची दृष्टी असलेल्या मुलाला मोठी अक्षरे अपायकारक ठरू शकतात, कारण त्याच्या नळीत एकावेळी एकच अक्षर मावते आणि शब्द तुटतो. अशा मुलाला साध्या आकाराची, पण काळीभोर छपाई आणि भरपूर उजेड लागतो. सरसकट मोठ्या अक्षरांची पुस्तके वाटणाऱ्या शाळेचा हेतू चांगलाच असतो, पण मोजणी न करता दिलेली मदत अशी वाया जाते.

ही मोजणी सहा महिन्यांनी पुन्हा करावी. वेग अचानक घटला असेल, तर अभ्यासाला दोष देण्याआधी डोळे तपासून आणावेत.

पहिला बाक का पुरत नाही

फळ्यावर ५ सेंटीमीटर उंचीचे अक्षर काढले, तर निकोप डोळ्याला ते सुमारे ३४ मीटरवरून जेमतेम ओळखता येते. ६/६० दृष्टीच्या मुलाला ते त्याच्या दहाव्या हिश्शावरून, म्हणजे सुमारे ३.४ मीटरवरून ओळखता येईल. परंतु जेमतेम ओळखणे म्हणजे वाचणे नव्हे. विनासायास वाचण्यासाठी अक्षर किमान दुप्पट मोठे दिसावे लागते, म्हणून अंतर १.७ मीटरवर येते. प्रत्यक्षात आपण फळ्यावर ३ सेंटीमीटरच्या आसपासचे अक्षर काढतो, आणि त्या हिशेबाने हे अंतर जेमतेम १ मीटर उरते. पहिला बाक फळ्यापासून किती लांब आहे, ते आपापल्या वर्गात मोजून पाहावे. शिवाय हा हिशेब तक्त्यावरच्या सुट्या, साध्या अक्षरांचा आहे. काना-मात्रांनी भरलेल्या ओळीसाठी आणखी जवळ जावे लागते.

म्हणून बाक पुढे असावाच, पण त्यासोबत इतर सोयीही हव्यात. मुलाला न विचारता उठून फळ्याजवळ जाण्याची कायमची मुभा असावी आणि ती पहिल्याच दिवशी सर्व वर्गासमोर सहज सांगून टाकावी. शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द उच्चारावा. ‘हे इथून तिथे नेले’ असे न म्हणता ‘उजव्या बाजूचे ७ डाव्या बाजूला नेले’ असे म्हणावे. याचा लाभ मागच्या बाकावरच्या डोळस मुलांनाही होतो. धड्याच्या टिपा आधी मोठ्या अक्षरात द्याव्यात, किंवा शेजारच्या मुलाच्या वहीची छायाप्रत द्यावी. ए-४ कागदाची ए-३ वर प्रत काढली की अक्षर १.४१ पट होते, म्हणजे १२ पॉइंटचे सुमारे १७. प्रताधिकाराची भीती बाळगू नये. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तीसाठी अशी सुलभ प्रत तयार करण्यास भारतीय कायद्यात मुभा आहे.

बसण्याची बाजूही ठरवावी. खिडकी मुलाच्या पाठीशी किंवा कडेला असावी, समोर कधीच नसावी. गोरेपणाचा जन्मजात आजार, म्हणजे वर्णहीनता, असलेल्या मुलाला वर्गातही टोपीचा पुढचा कंगोरा आणि रंगीत काचेचा चष्मा लागतो. अशी टोपी काढायला लावणारा शिस्तीचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवावा. चकचकीत पांढऱ्या फलकापेक्षा बिनचकाकी हिरवा किंवा काळा फळा बरा, आणि स्मार्ट बोर्ड असल्यास त्याचेच चित्र मुलाच्या टॅबवर दिसण्याची व्यवस्था शक्य असते. मान तिरकी करून पाहणाऱ्या मुलाला ‘सरळ बघ’ असे कधीही म्हणू नये. डोळ्यांची थरथर ज्या कोनात सर्वांत कमी होते किंवा दृष्टिपटलाचा निकोप भाग ज्या कोनात कामी येतो, तो कोन त्याने स्वतः शोधलेला असतो.

साधने, स्वस्तापासून महागापर्यंत

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे अंतर. वस्तू अर्ध्या अंतरावर आणली की ती दुप्पट मोठी दिसते, आणि ४० सेंटीमीटरवरून १० सेंटीमीटरवर आणली की चौपट. अल्पदृष्टी असलेल्या मुलाने पुस्तक नाकाशी धरणे ही त्याची गरज आहे, त्याने त्याचा मूळ आजार वाढत नाही; आजीने कितीही काळजीने ‘डोळे खराब होतील’ म्हटले, तरी तिला हे समजावून सांगावे. वाकून मान दुखू नये म्हणून पुस्तक उतरत्या फळीवर ठेवावे. पोथी वाचण्यासाठी आपल्या घरात जे घडीचे लाकडी ठेवणे असते, ते याच कामाचे आहे.

त्यानंतर काळ्या जाड कागदाची पट्टी, जिच्यात एका ओळीएवढी खिडकी कापलेली असते. ती ओळ हरवू देत नाही आणि कागदाची चमकही अडवते. ठळक रेघांच्या वह्या घरी काळ्या पेनने आखता येतात. पेन्सिलऐवजी काळे जेल पेन किंवा स्केच पेन द्यावे. पेन्सिलीचे करडे अक्षर मुलाला स्वतःलाच पुन्हा वाचता येत नाही, आणि ‘पाचवीपर्यंत पेन्सिलच’ हा नियम इथे सोडावा.

भिंगे लो व्हिजन क्लिनिकमध्ये तपासूनच घ्यावीत. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये असते आणि तिला ४ ने भागले की साधारण किती पट मोठे दिसेल ते मिळते, म्हणजे २० डायॉप्टरचे भिंग पाच पट. शक्ती वाढली की दिसणारा भाग लहान होतो, म्हणून सर्वांत मोठे भिंग सर्वांत चांगले नसते. लहान मुलाचा हात स्थिर राहत नाही, त्याला कागदावर टेकवून सरकवायचे, पायांचे किंवा घुमटाच्या आकाराचे भिंग सोयीचे पडते. फळ्यासाठी एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण असते. चार पटीच्या दुर्बिणीने ६/६० ची दृष्टी सुमारे ६/१५ इतके काम देते, मात्र ती रोखून धरायला आणि ओळीवरून फिरवायला शिकावे लागते. हा सराव आधी घराच्या गच्चीतून दुकानांच्या पाट्या वाचून करावा आणि मग वर्गात आणावा. सराव न देता हाती दिलेली दुर्बीण आठ दिवसांत दप्तराच्या तळाशी जाते.

मोबाइलचा कॅमेरा हे आजचे सर्वांत उपयोगी भिंग आहे. फळ्याचे छायाचित्र काढून ते बोटांनी मोठे करून वाचण्यासाठी शाळेने लेखी परवानगी द्यावी. एनसीईआरटीची पुस्तके ई-पाठशाळेवर मिळतात आणि पडद्यावर हवी तेवढी मोठी होतात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे मोबाइलमधील टॉकबॅक आणि संगणकावरील विनामूल्य एनव्हीडीए मराठी-हिंदी दोन्ही वाचतात. २०१६ पासून चालू असलेल्या सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून नोंदणी करून सुलभ स्वरूपातली पुस्तके घेता येतात. लांब धडे ऐकावेत, पण गणित, व्याकरण आणि कविता डोळ्यांनीच वाचाव्यात असे माझे मत आहे. नुसते ऐकणाऱ्या मुलाचे शुद्धलेखन कच्चे राहण्याचा धोका असतो.

गणित, नकाशा आणि मैदान

गणितात दशांशचिन्ह, वजाचे चिन्ह आणि घातांक हरवतात, म्हणून ते जाड आणि मोठे काढावेत, एका पानावर दोनच उदाहरणे घ्यावीत. नकाशा दाखवताना सगळा मध्य प्रदेश एकाच चित्रात न भरता आधी फक्त सीमा, मग फक्त नर्मदा, मग फक्त शहरे असे वेगवेगळे कागद करावेत. प्रयोगशाळेत मुलाला प्रयोग टेबलाशी उभे राहून करू द्यावा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगवावा, त्याला एक डबा रंग पुरतो. मैदानावर भडक पिवळा किंवा घुंगरू असलेला चेंडू घ्यावा आणि धावणे, योग, पोहणे यांतून त्याला वगळू नये. डब्यात पांढऱ्या ताटलीत दहीभात दिला तर मुलाला तो दिसत नाही, गडद ताटलीत दिसतो; घरच्यांनी एवढे केले तरी सांडणे आणि त्यावरून होणारी चेष्टा थांबते.

ब्रेल शिकवावे का

आजार स्थिर असेल आणि मोजणीत वाचनाचा वेग वाढत असेल, तर छापील अक्षरावर भर द्यावा. आजार वाढत जाणारा असेल, किंवा सगळे प्रयत्न करूनही मूल काही मिनिटांत थकत असेल, तर दृष्टी असतानाच ब्रेल सुरू करावे. आपल्या मुलांसाठी एक सोय अशी, की मराठी आणि हिंदी दोन्ही भारतीय भाषांसाठीच्या सामाईक भारती ब्रेलमध्ये लिहिल्या जातात आणि बहुतेक अक्षरांना तेच ठिपके असतात, त्यामुळे घरची आणि शाळेची अशा दोन भाषांसाठी दोन लिप्या शिकाव्या लागत नाहीत. बोटांना हे वळण लहानपणी लवकर लागते. ब्रेल म्हणजे हार मानणे, असे पालकांना वाटते तेव्हा त्यांच्याशी घाई न करता बोलावे.

एक पान, जे मुलाबरोबर वर्ग बदलते

आतापर्यंत जमवलेली सगळी माहिती एका पानावर लिहावी: आजार आणि तो वाढता की स्थिर, चष्म्यासह दृष्टी, दृष्टिक्षेत्र, सोयीचा अक्षरआकार आणि अंतर, मोजलेला वेग, उजेडाची गरज, बसण्याची जागा, साधने, खेळातली बंधने, आणि मुलाला स्वतःला काय आवडत नाही. शेवटचा रकाना मुलानेच सांगावा. दरवर्षी नवे सत्र सुरू होताच हे पान प्रत्येक विषयशिक्षकाच्या हाती जावे आणि वर्गशिक्षक बदलले, तर जुन्या शिक्षकांनी नव्यांशी दहा मिनिटे बोलावे. पालकांनी याची एक प्रत घरी ठेवावी.

बोर्डाच्या परीक्षेची तयारी नववीच्या नोंदणीपासून सुरू होते. फॉर्ममधील दिव्यांगतेचा रकाना तेव्हाच भरून प्रमाणपत्र जोडावे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगता असलेल्यांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र सूचना निघाल्या होत्या. मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, लेखनिक, भाषाविषयातील सूट, भिंग आणि लॅम्प नेण्याची परवानगी यांसाठी शाळेमार्फत मंडळाकडे वेळेत अर्ज करावा आणि मंजुरीची प्रत हाती ठेवावी. लेखनिक घ्यायचा की नाही, हे नववीच्या सहामाहीत दोन्ही प्रकारे पेपर सोडवून ठरवावे, कारण तोंडी उत्तर सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ज्याला ते सवयीचे नाही त्याचे गुण लेखनिकामुळे कमी होतात.

परीक्षेच्या आठवडाभर आधी पालकांनी मुलाला घेऊन केंद्रावर जावे. खोली कोणती, बाकाशेजारी विजेचा सॉकेट आहे का, खिडकी कोणत्या बाजूला आहे आणि जिन्याला कठडा आहे का, ते पाहावे, आणि मंजुरीपत्रासोबत त्या एका पानाची प्रत केंद्राध्यक्षांना द्यावी.